वणीचा समुद्रबगळा

त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात येणाऱ्यांना तोटा नव्हता. पथकं येत, समित्या येत, मुंबई-दिल्लीचे पत्रकार येत. कापूस का पिकत नाही, पिकला तर का विकत नाही, हे सगळे पाहून जात. लॉजमध्ये खोली मिळत नसे आणि बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळपासून इंग्रजी ऐकू येई. इथल्या माणसाला मात्र आपण कुठं काही पाहायला जावं असं सुचत नसे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत पक्षी पाहायला वणीकडे जाते, असं मी घरात सांगितलं तेव्हा आमचे हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "वणीले? तिथं धुळीनं माणूस दिसत नाही, पक्षी काय दिसते?"

मी यवतमाळच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमचं एक पक्षिमित्र मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष डॉक्टर बोरकर. ते डोळ्यांचे डॉक्टर. सचिव मी. बाकीचे सभासद कोजागिरीला दूध प्यायला येतात. पावसाळा संपला की उत्तरेकडून, थेट हिमालयापलीकडून, पाहुणे पक्षी आमच्याकडे उतरायला लागतात. बदकं, धोबी, शेतांवरून खाली खाली तरंगत जाणारे भोवत्ये. त्यांच्यासाठी दरवर्षी आम्ही कुठंतरी जवळपास जातो. त्या वर्षी मुकुटबनच्या बाजूला, आमच्या शाळेतल्या राठोड मॅडमच्या माहेरच्या बंजारा तांड्याजवळच्या तलावावर जायचं ठरलं. वाटेत वणीला मुक्काम.

डॉक्टरांची जीप भरली तेव्हा मला बसायला जागा कशीबशी उरली. मागे सगळं सामान डॉक्टरांचं. एक तोफेसारखी लेन्स, तिचा तीन पायांचा स्टँड, दोन दुर्बिणी, आणि ज्याच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता ते हाईड. हाईड म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा छोटा तंबू. परदेशातून मागवलेला. त्यात लपून बसलं की पक्ष्यांना वाटतं हे झुडूप आहे. डॉक्टरांचा देह पाहता पक्ष्यांना ती टेकडी वाटत असावी, पण तसं मी कधी बोलून दाखवलं नाही. अध्यक्ष आहेत.

वणी

वणीत शिरायच्या आधीच वणी अंगावर येते. कोळशाच्या ट्रकांची रांग, रस्त्याकडेची काळी झाडं, काळ्या झाडांखाली काळी कुत्री. रेस्ट हाऊसवर गेलो तर चौकीदार म्हणाला, सगळ्या खोल्या पथकानं घेतल्या. कोणतं पथक, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "मागचं गेलं नाही त दुसरं आलं," एवढंच त्याचं म्हणणं. मग मी डॉक्टरांना माझ्या मावशीकडे नेलं. मावशी दोनच दिवसांपूर्वी नागपूरहून, दीक्षाभूमीवरून आलेली. जय भीम झालं, पाणी झालं, आणि तिनं डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टाकडे दयेनं पाहिलं.

"पांढरं कायले घातलं साहेब? आम्ही इथं पांढरं फक्त कार्यक्रमाले घालतो. अन् घरी येऊन पोतेरं करतो."

तिखट तर्री घातलेले पोहे खाऊन आम्ही दुपारीच बाहेर पडलो. रेल्वेच्या मालधक्क्याजवळ रस्त्याला लागून एक पाणी साठलेला खड्डा आहे. वणीतले लोक त्याला तळं म्हणतात. तिथं तो उभा होता. बगळ्याएवढा, बगळ्यासारखा, पण शाळेच्या पाटीसारखा काळाकरडा. फक्त गळ्याखाली पांढरं. पाय काळे, पंजे पिवळे.

डॉक्टरांनी जीप इतक्या जोरात थांबवली की मागच्या ट्रकवाल्यानं आमच्या दोघांच्याही आईची आठवण काढली. डॉक्टरांना ते ऐकू गेलं नाही.

"मॅडम," ते कुजबुजले, "समुद्रबगळा."

समुद्रबगळा हा समुद्रकिनाऱ्यावरचा पक्षी. कोकणात, गुजरातेत दिसतो. वणीहून समुद्र कोणत्या दिशेला आहे हेसुद्धा वणीत कुणी छातीठोक सांगणार नाही. पण डॉक्टरांनी पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. काळाकरडा रंग. पांढरा गळा. पिवळे पंजे. सगळं जुळत होतं. त्याच्या डाव्या पायाला पतंगाच्या लाल मांज्याचा एक तुकडा गुंतलेला होता. तोही डॉक्टरांच्या फोटोत आला.

मी माझ्या ओढणीकडे पाहिलं. सकाळी ती पांढरी होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हा आपला नेहमीचाच बगळा कोळशानं काळा झालेला असेल. मासे पकडायला मान सारखी पाण्यात घालतो, म्हणून तेवढाच गळा धुतला जातो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या शाळेत इन्स्पेक्शनला येणारे साहेब असंच पाहतात.

"मॅडम, तुम्ही शाळेत जे शिकवता ते ठीक आहे. हे फील्डवर्क आहे."

त्यांनी तिथूनच यवतमाळला फोन लावला. तिथल्या लॉजमध्ये मुंबईच्या एका चॅनेलचा अनिकेत नावाचा वार्ताहर कित्येक आठवड्यांपासून मुक्कामाला होता. डॉक्टरांनी त्याचे आलेले डोळे बरे केले होते, ती ओळख. अनिकेत संध्याकाळच्या आत टॅक्सी करून वणीत हजर झाला. स्वतःच कॅमेरा धरायचा, स्वतःच बोलायचा. चेहऱ्यानं सज्जन, पण जागरणानं आणि लॉजच्या भाजीनं खंगलेला.

"मॅडम, तुम्हाला सांगतो," तो मला म्हणाला, "इथून रोज दुःख पाठवतोय. आता संपादक म्हणतात, प्रेक्षक चॅनेल बदलतात, काहीतरी पॉझिटिव्ह द्या. मी कुठून देणार? हा पक्षी देवासारखा आला."

त्यानं डॉक्टरांना तळ्याकाठी उभं केलं. डॉक्टरांनी शर्ट झटकला आणि सांगितलं की ही जिल्ह्याच्या इतिहासातली पहिली नोंद आहे, आणि जिथं समुद्रपक्षी उतरतो त्या भूमीला निराश व्हायचं कारण नाही. शेवटचं वाक्य त्यांना अनिकेतनं दिलं होतं. मी म्हटलं, माझंही मत घ्या, मला तो साधा बगळा वाटतो, कोळशानं माखलेला.

अनिकेतनं कॅमेरा खाली केला. "कोळसा नको मॅडम. ते परत निगेटिव्ह होतं."

टेप ट्रॅव्हल्सच्या गाडीनं नागपूरला गेली. तांड्यावर जाणार म्हटल्यावर सकाळी अनिकेतही आमच्याबरोबर निघाला. वेचणीचे दिवस होते, त्याला कापसाची थोडी दृश्यं हवी होती.

तांडा

मुकुटबनच्या रस्त्याला लागलं की श्वास मोकळा होतो. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. सकाळच्या कोवळ्या उन्हात शेतंच्या शेतं पांढरी. तारेवर नीळकंठ बसलेला, त्यानं पंख उघडले की एकदम निळा उजेड पडायचा. एक भोवत्या कपाशीला घासूनच चालला होता, पंख हलवायचीही त्याला घाई नव्हती. दूरदेशाहून इतकं उडून आलेला, आणि चेहरा असा की इथंच शेजारी राहतो. डॉक्टरांनी जीप थांबवली नाही. समुद्रबगळ्यानंतर भोवत्या म्हणजे बासुंदीनंतर चिवडा.

राठोड मॅडमच्या आईला सगळा तांडा याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. उंच, वाळकी, हातभर बांगड्या, आणि आवाज असा की पलीकडच्या शेतातली माणसं कामाला लागावीत. "आव, बेस," म्हणाली आणि मग माझ्यासाठी वऱ्हाडीत आली. "पोरगी सांगत होती फोनवर, आमच्या मॅडम येऊन राह्यल्या म्हणून. चिड्या पाहायले. चिड्या कायले पाहता वं? त्या त आपल्या आपण येतात-जातात."

घरात कापूस छतापर्यंत रचलेला होता. भाव चढेल म्हणून थांबलेला. खाट त्याच्यावरच टाकलेली, झोपायला शिडी. अंगणात ताज्या वेचणीचा ढीग, दवानं ओलसर म्हणून उन्हात पसरलेला.

डॉक्टर तलावावर जागा हेरायला पुढं गेले. हाईड आणि लेन्स नंतर नेऊ म्हणून ओसरीवरच ठेवली. अनिकेतनं कॅमेरा काढला आणि आदबीनं विचारलं, "आजी, जरा बोलाल का?"

याडीनं हात धुतले, पदर सारखा केला आणि विचारलं, "भितीपाशी बसू का कापसावर?"

अनिकेत गोंधळला. "म्हणजे?"

"मांगच्यानं भितीपाशी बसवलं होतं. त्याच्या आधीची एक बाई आली होती, तिनं कापसावर बसवलं. एक गोरा आला होता, तो म्हणे उभी राह्य अन् तिकडं दूर पाह्य. तिकडं त नुसतं बाभूळ होतं. तरी पाह्यलं बाप्पा. तुले कसं पाह्यजे?"

"नॅचरल," अनिकेत म्हणाला.

"म्हणजे हात कपाळाले," याडी म्हणाली आणि हात कपाळाला लावून बसलीही. "उजेड तिकडून आहे, तू इकडं ये." मग हात काढून तिनं विचारलं, "काहून रे बाबू, तुमच्या मुंबईत कोणाच्या घरी असं पाहायले येतेत काय? बसा म्हणते, रडा म्हणते, अन् चहा पिऊन जाते?"

"नाही आजी. मुंबईत बेल वाजली तर लोक दार उघडत नाहीत."

"हुशार आहेत," याडी म्हणाली.

तांडा सडकेला लागून होता, जीप दारापर्यंत यायची, म्हणून सगळी पथकं तिथंच येत. आतल्या गावांना चिखल तुडवत जायला कुणी तयार नसे. याडीचा चेहरा कुठकुठल्या भाषांत दाखवला गेला होता कुणास ठाऊक. स्वतः तिनं तो एकदाही पाहिलेला नव्हता. तांड्यावर वीज संध्याकाळची जायची आणि बातम्याही संध्याकाळच्याच.

हे बोलणं चालू असताना उजेड गेला. अनिकेतनं कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं, त्याला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलं होतं ते वर. मुकुटबनच्या बाजूनं काळं आभाळ उठलं होतं आणि वारा फिरला होता. याडीनं एकदा वर पाहिलं आणि अशी काही हाक घातली की तिचा मुलगा आणि सून मागच्या शेतातून धावत सुटले.

अंगणातला ढीग मोठा होता. याडीकडे एक ताडपत्री होती, तिच्यातून आभाळ दिसत होतं. टोपल्या भरभरून आत न्यायचं म्हटलं तर आत आधीच छतापर्यंत भरलेलं. पहिले थेंब टपोरे पडले. कापसावर पडलेला थेंब आधी वर मण्यासारखा थांबतो आणि मग आत जातो. ते आत जाणं मी पाहिलं आणि माझं लक्ष ओसरीकडे गेलं.

मी हाईडची पिशवी उघडली. एरवी त्या पिशवीला डॉक्टरांशिवाय कुणी हात लावत नसे. मी सांगाडा काढून फेकला आणि नुसतं कापड ओढून बाहेर आणलं. उलगडल्यावर चांगलं ऐसपैस निघालं. एक टोक मी धरलं, एक सुनेनं. तिसरं वाऱ्यावर फडफडत होतं आणि अनिकेत त्याचं शूटिंग करत होता.

"ते डबडं ठेव खाली अन् टोक धर!" याडी ओरडली.

अनिकेतनं कॅमेरा ओसरीवर ठेवला आणि टोक धरलं. मला वाटतं, त्या जिल्ह्यात आल्यापासून त्यानं पहिल्यांदाच काहीतरी धरलं होतं.

तेवढ्यात डॉक्टर आले. नखशिखांत भिजलेले, चष्म्यातून काही दिसत नसलेले. तरी त्यांना हाईड दिसलं.

"मॅडम! ते माझं हाईड आहे!"

"हो डॉक्टर. इकडचं टोक उडतंय."

"अहो, ते पाण्याला फक्त थोडा वेळ दाद देत नाही! पूर्ण पाऊस झेलायचं कापड नाही ते!"

"मग थोडा वेळ तरी धरा."

वारा असा होता की आमच्या चार टोकांना तो जुमानत नव्हता. कापड मधून फुगून वर येत होतं. याडीनं अंगणभर नजर फिरवली. दगड लहान. पाटा आत. मग तिची नजर डॉक्टरांवर थांबली.

"साहेब, तुम्ही बसा यावर. तुमच्याएवढा गोटा नाही आमच्या तांड्यात."

डॉक्टर यवतमाळातले नामांकित डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात माणसं सकाळी नंबर लावतात. काय वाटलं कुणास ठाऊक, हाईडच्या काळजीनं असेल किंवा याडीच्या आवाजानं, पण ते गेले आणि ढिगाच्या मधोमध मांडी घालून बसले. वाऱ्याची हिंमत संपली. पाऊस त्यांच्या टकलावर पडत राहिला. हलायची सोय नव्हती. जरा बूड उचललं की याडी ओसरीवरून म्हणायची, "डॉक्टर, हालू नका."

पाऊस थांबला तेव्हा ढीग वाचला होता. वरचा थर ओलसर, खाली कोरडा. डॉक्टरांना दोघांनी धरून उठवावं लागलं. ढिगातून उतरताना त्यांच्या पँटला इतका कापूस चिकटला होता की तेच स्थलांतर करून आलेले वाटत होते. मी हसले. मग याडीकडे पाहिलं आणि हसू गेलं, कारण ती शेताच्या बांधावर जाऊन उभी होती.

सकाळी पांढरं असलेलं शेत आता राखाडी होतं. बोंडांतून कापूस लोंबत होता आणि प्रत्येक लोंबाच्या टोकाला पाणी. याडीनं एक बोंड मुठीत घेऊन पिळलं. धार लागली. "पिवळा पडते आता," ती स्वतःशीच म्हणाली. अनिकेत तिच्यामागे येऊन उभा होता. कॅमेरा हातात होता, पण खाली.

याडी वळली. "आता काढ ना. आता काहून नाही काढत?"

अनिकेतनं नकारार्थी मान हलवली. तिनं त्याच्याकडे जरा पाहिलं, मग आम्हाला सगळ्यांना म्हणाली, "चला, बाटी खा." भाकरीला तांड्यावर बाटी म्हणतात. वांग्याचं भरीत होतं, लसणाचा ठेचा होता. डॉक्टरांनी तिसरी भाकर स्वतःहून मागून घेतली, तेव्हा याडी पहिल्यांदा मोकळी हसली.

मी विचारलं, "डॉक्टर, तलावावर काय होतं?"

"तलवार बदकं," ते म्हणाले. "खूप. पावसातही जागची हलली नाहीत." आणि जरा थांबून, "मी हाईडशिवाय उघड्यावरच उभा होतो. त्यांना काही फरक पडला नाही."

पुन्हा वणी

दुसऱ्या दिवशी परत निघालो. वणीचा मालधक्का जवळ आला तशी गर्दी दिसायला लागली. मला वाटलं अपघात. पण खड्ड्याभोवती ट्रॅक्टर, काळीपिवळी टॅक्सी, सायकली. भज्यांची एक गाडी, फुगेवाला, आणि एका पाटीवर खडूनं लिहिलेलं: समुद्रपक्षी इकडे. बातमी लागली होती.

अनिकेत उत्साहानं उतरला. डॉक्टर उतरले. लोकांनी त्यांना टीव्हीवर पाहिलं होतं, वाट करून दिली. आणि पाण्यात बगळा उभा होता. दुधासारखा पांढरा. कालचा पाऊस वणीतही पडला होता.

"हा दुसरा आहे," डॉक्टर लगेच म्हणाले. "तो पुढं गेला. स्थलांतर चालू आहे."

बगळ्यानं एक पाय उचलला. डावा. त्याला लाल मांज्याचा तुकडा लोंबत होता.

डॉक्टरांनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. शेजारी लोक ताटकळले होते. डॉक्टर हवं ते सांगू शकले असते आणि कुणी ओळखलं नसतं, कारण मांज्याचं फक्त त्यांना आणि मला ठाऊक होतं. माझ्याकडे न पाहता ते एका दगडावर चढले.

"हे बघा," ते मोठ्यानं म्हणाले, "माझी चूक झाली. हा साधा पांढरा बगळा आहे. कोळशाच्या धुळीनं काळा झाला होता. काल पावसात धुतला गेला."

अनिकेतनं कपाळाला हात लावला. अगदी नॅचरल.

गर्दी बगळ्याकडे वळली. मग एक बाई म्हणाली, "धुतला गेला? अन् असा पांढरा झाला?"

"हो."

"आमचे कपडे त घासू घासू हात तुटते, तरी नाही होत पांढरे."

"या पाण्यानं झाला काय?" दुसऱ्यानं विचारलं.

"पावसाच्या पाण्यानं," डॉक्टर म्हणाले.

"पण उभा त याच पाण्यात आहे ना?"

पुढचं इतक्या वेगानं झालं की मी शिक्षिका असून मला मध्ये पडता आलं नाही. कुणीतरी ओंजळ भरून तोंडावर मारली. कुणी भज्यांच्या गाडीवरून रिकामी बाटली आणली. काळ्याचं पांढरं करणारं पाणी आहे, असं रस्त्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणसं काठावर उतरली. मी ओरडत होते की अहो, यात ट्रक धुतात. "म्हणूनच त ट्रक चकाकते," एकजण म्हणाला.

आणि काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं ओंजळ वर नेली आणि दोन्ही डोळ्यांत पाणी घातलं.

"डोळ्यांत नाही! डोळ्यांत घालू नका!" डॉक्टर बुटांसकट पाण्यात शिरले. गुडघाभर चिखलातून, दुर्बीण छातीवर आपटत, ते तिच्यापर्यंत गेले. बगळा उडाला. कुणी पाहिलं नाही. डॉक्टरांनी बाटलीतल्या प्यायच्या पाण्यानं तिचे डोळे धुतले, पापण्या वर केल्या, टॉर्च मारला. मग डोळे मिटायला सांगून पापणीवर दोन बोटं ठेवून हलकेच दाबलं. त्यांचा चेहरा बदलला.

"आजी, डोकं दुखतं?"

"लय दुखते."

"दिव्याभोवती रंगाचं कडं दिसतं?"

"दिसते ना. छान दिसते."

तिचं नाव पार्वताबाई. डॉक्टर तिला म्हणाले, "यवतमाळला या. लवकर या." ती हो हो म्हणाली. मग बाकीचे पुढं सरकले, डोळ्याचा डॉक्टर फुकट पाहून राह्यला म्हणून. डॉक्टर ओल्या बुटांनी जीपच्या बॉनेटशी उभे राहून एकेकाच्या पापण्या उलटत राहिले. दुपार त्यातच गेली. अनिकेतनं मुकाट्यानं टॉर्च धरला. निरोप घेताना म्हणाला, "मॅडम, ही बातमी पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, मला कळत नाहीये." आणि नागपूरच्या गाडीत बसला.

आम्ही निघालो. मारेगाव मागे पडलं. एका टपरीशी डॉक्टरांनी जीप थांबवली, चहा मागवला, आणि तो यायच्या आत म्हणाले, "त्या पार्वताबाई येणार नाहीत."

"नाही येणार," मी म्हटलं.

"काचबिंदू आहे. डोळा गोटीसारखा घट्ट लागला. उजवा गेल्यात जमा आहे. डावा अजून आहे, पण आठवडाभरही थांबता येणार नाही." ते रस्त्याकडे पाहत राहिले. "गावही विचारलं नाही मी."

"मी विचारलंय."

चहा तसाच सोडून आम्ही वळलो. वणीच्या अलीकडच्याच एका खेड्यात पार्वताबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेली सापडली. सुनेला समजावलं. तिनं दोन लुगडी पिशवीत घातली आणि तीही निघाली. मागे जागा करायला डॉक्टरांनी लेन्सचा स्टँड टपावर बांधला, आणि कापूस चिकटलेलं हाईड म्हातारीच्या पाठीला उशी म्हणून दिलं.

"मले कुठं नेऊन राह्यले?" पार्वताबाईनं विचारलं.

"यवतमाळला. डोळा दाखवायला."

"डोळा त मघाच दाखवला ना तुमाले."

यवतमाळ

तिचा उजवा डोळा गेलाच. डाव्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशीच झालं, तो वाचला. पट्टी निघाल्यावर मी भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर बसून शेजारच्या बायांना वणीच्या तळ्याच्या पाण्याचा गुण सांगत होती. दोघी-तिघींनी जायचा दिवसही ठरवला होता. डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. मी विज्ञान शिकवते, म्हणून मी पुढं झाले.

"आजी, ते पाणी घाण आहे. डोळा पाण्यानं नाही, ऑपरेशननं वाचला."

"ऑपरेशन कोणं केलं?"

"डॉक्टरांनी."

"थे डॉक्टर माह्यापाशी कसे आले?"

"तुम्ही डोळ्यांत ते पाणी घातलं म्हणून धावत आले."

"नसतं घातलं त आले असते काय?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"मंग?" पार्वताबाई म्हणाली, आणि पुन्हा शेजारणीकडे वळली.